ओझोनची उत्सर्जन-संवेदनशीलता

प्रदूषकांचे उत्सर्जन घटले वा वाढले, तर एखाद्या प्रदेशाच्या जमिनीलगतच्या हवेतील ओझोन किती व कोणत्या दिशेने बदलेल, याचे संगणकीय प्रारूपावरून काढलेले माप. स्थितांबरातील ओझोन थराशी या नोंदीचा संबंध नाही. हा ओझोन धुराड्यातून बाहेर पडत नाही; नायट्रोजन ऑक्साइडे व बाष्पनशील कार्बनी संयुगे यांच्यावर ऊन पडून तो हवेतच तयार होतो. लॉस अँजेलिसच्या धुरक्याच्या अभ्यासातून रसायनशास्त्रज्ञ हागेन-स्मिट यांनी हे साधारणपणे १९५० च्या दशकाच्या आरंभी दाखवले.

हा संबंध समप्रमाणाचा नाही. रहदारीच्या रस्त्यावर ताजा नायट्रिक ऑक्साइड ओझोन खाऊन टाकतो. नायट्रोजन डायऑक्साइड हायड्रॉक्सिल मूलकाला (ओझोन घडवणारी साखळी चालवणाऱ्या अतिक्रियाशील कणाला) नायट्रिक आम्लात अडकवून विक्रियांची ही साखळीही तोडतो. म्हणून भर शहरात नायट्रोजन ऑक्साइडे थोडी घटवली की ओझोन उलट वाढतो. लॉस अँजेलिस खोऱ्यात शनिवार-रविवारी ट्रक कमी धावत, तरी ओझोन चढा असे. याची कारणे सांगताना रहदारीची बदललेली वेळ, आदल्या रात्रीची शिल्लक प्रदूषके असेही तर्क मांडले गेले. नायट्रोजन ऑक्साइडांची घट हे कारण अधिक ग्राह्य वाटते.

आधी काय घटवावे, हा वाद जुना आहे. अमेरिकेत १९७०-८० च्या दशकांत भर हायड्रोकार्बनांवर, म्हणजे बाष्पनशील कार्बनी संयुगांच्या मुख्य गटावर, होता. मात्र झाडेही आयसोप्रीन हे असेच एक हायड्रोकार्बन सोडतात, हा हिशेब त्यात तोकडा पडला. शॅमाइडीस व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये अटलांटाच्या उदाहरणावरून तो पुढे आणला आणि १९९१ च्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अहवालाने त्याला बळ दिले. पूर्व अमेरिकेच्या विस्तृत पट्ट्यापुरता नायट्रोजन ऑक्साइडे आधी घटवण्याचा हा पक्ष सबळ ठरतो. दाट शहरांना तो जसाच्या तसा लावता येत नाही.

रूढ पद्धत सोपी, पण वेळखाऊ: उत्सर्जन ठरावीक टक्क्यांनी बदलून प्रारूप पुन्हा चालवायचे व दोन्ही उत्तरांची वजाबाकी करायची. संवेदनशीलता गुणांक थेट काढण्याचीही रीत आहे. प्रत्येक स्रोत एकेकटा वगळून आलेल्या घटींची बेरीज सगळे स्रोत एकदम वगळून आलेल्या घटीशी जुळेलच असे नाही. प्रारूपात प्रदेशाची जाळी आखतात; तिचा चौकोन १२ किमी.चा असेल, तर रस्त्यावरचा धूर त्यात पसरून पातळ होतो आणि शहरातील कमी ओझोनची खोच प्रारूपात बुजते.

भारतात २००९ च्या मानकांनुसार ओझोनची आठ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या ‘सफर’ या हवेच्या गुणवत्तेचा अंदाज देणाऱ्या प्रणालीत ओझोनचाही समावेश आहे.