करार संपला की थकलेलं भाडं माफ होतं का?

‘अकरा महिन्यांचा करार संपला की मागचं थकलेलं भाडं घरमालकाला मागता येत नाही’ हा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. करारच उरला नाही तर देणं कसलं, असं वाटणं साहजिक आहे. पण तसं नाही.

भाडं ज्या महिन्याचं, त्या महिन्यातच ते देणं ठरतं. करार संपल्यावर पुढे राहण्याचा हक्क संपतो, मागची बाकी नाही. मुदत कायद्यानुसार थकलेल्या भाड्यासाठी दावा ३ वर्षांत करावा लागतो, आणि ही ३ वर्षं करार संपल्यापासून नव्हे, भाडं देय झाल्यापासून मोजतात. म्हणजे दर महिन्याचं घड्याळ वेगळं!

समजा भाडं १५,०००, दोन महिने थकले, आणि डिपॉझिट ५०,०००. चावी देताना ३०,००० वळते झाले, तर हातात २०,००० येणार. वीजबिल वेगळं.

उलट मुदतीनंतरही राहिलात तर प्रकरण महागात जातं. राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या घराबाबत महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम २४ दुप्पट दराने भरपाई सांगतं. वरच्या उदाहरणात महिन्याला ३०,०००.

खात्री करायची तर आधी स्वतःचा करार काढा. डिपॉझिटचं कलम बहुतेक जण सही करतानाही वाचत नाहीत. मग बँकेचं स्टेटमेंट महिन्यागणिक ताडून पाहा. रोख दिलं असेल तर पावती शोधा. कलम २४ सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचता येतं, जेमतेम पानभर आहे.