जुन्या गाडीत शिरणारे पाणी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या गाडीत पावसाळ्यात कार्पेट ओले होऊ लागले, दार उघडताच कोंदट वास येऊ लागला किंवा सकाळी काचा आतल्या बाजूने धूसर दिसू लागल्या, की गाडीत कुठून तरी पाणी शिरत आहे असे समजावे. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या कोकणात ही तक्रार नवी नाही. परंतु तिच्यावर होणारे उपाय बहुधा घाईचे असतात. पाणी जिथे साचलेले दिसते, तिथूनच ते आत आलेले असेल असे नाही. काचेच्या वरच्या कोपऱ्यातून आलेला थेंब छताला आधार देणाऱ्या खांबाच्या आतून उतरतो, वायरिंगच्या जुडग्यावरून पुढे सरकतो आणि कार्पेटखालच्या फेल्टमधून (जाड नमद्यासारख्या थरातून) झिरपत तळाच्या सर्वांत खोलगट भागात जमतो. गाडी उतारावर उभी असेल, तर मागचे पाणीदेखील पुढच्या पायांपाशी येते. म्हणूनच पाणी आत येण्याची जागा प्रत्यक्ष दिसल्याशिवाय आम्ही कोणत्याही गाडीला सिलंट (फटी बुजवणारा लेप) लावत नाही.

गाडी आमच्याकडे आणण्यापूर्वी

आपण केलेल्या निरीक्षणामुळे आमचे निम्मे काम हलके होते. पाऊस नसताना, केवळ एसी चालवल्यावर डाव्या बाजूचे पुढचे कार्पेट ओले होते का? गाडी रात्रभर पावसात नुसती उभी राहिली, तरी पाणी येते का? की पाणी भरलेल्या रस्त्यावरून गेल्यानंतरच येते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल तर दोष एसीच्या निचऱ्यात, दुसऱ्याचे असेल तर काच, छत, दरवाजे किंवा वायपरखालच्या भागात आणि तिसऱ्याचे असेल तर तळाच्या पत्र्यात किंवा तिथल्या रबरी बुचांमध्ये असण्याची शक्यता अधिक असते.

ओल्या जागेवर पांढरे कापड दाबूनही पाहावे. कापडाला हिरवी किंवा गुलाबी छटा आली, बोटांना चिकट लागले आणि गोडसर वास आला, तर ते पावसाचे पाणी नसून डॅशबोर्डच्या आतील हीटर कोअरमधून (गाडीतला हीटर तापवणाऱ्या जाळीतून) गळणारे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, आहे. अशा वेळी गाडी चालवणे थांबवावे, कारण कूलंट कमी होऊन इंजिन तापू शकते. कूलंट विषारी असल्याने ते लहान मुले व पाळीव प्राणी यांच्यापासून दूर ठेवावे.

पाणी बहुधा कुठून येते

एसीची कूलिंग कॉइल डॅशबोर्डमागे असते. हवेतील बाष्पाचे तिच्यावर थंड होऊन पाणी होते आणि एका लहानशा नळीतून गाडीखाली पडते. दमट हवेत हे पाणी तासाभरात अर्धा-एक लिटरही भरते. धूळ आणि शेवाळ साचून नळी बुजली, की तेच पाणी आत सांडते. एसी चालू असताना उभ्या गाडीखाली थेंब पडत नसतील, तर सर्वप्रथम ही नळी तपासावी. हा सर्वांत स्वस्त दुरुस्त होणारा दोष आहे.

पुढच्या काचेखाली, वायपरच्या जाळीच्या आत एक पन्हळ असते. काचेवरून ओघळलेले पाणी तिच्यात पडून दोन्ही टोकांच्या छिद्रांतून बाहेर जाते. गुलमोहर किंवा चिंचेखाली गाडी उभी करण्याची सवय असेल, तर त्या झाडांची बारीक पाने जाळीतून सहज आत जातात, कुजतात आणि छिद्रांपाशी काळ्या मातीसारखा लगदा होऊन बसतात. मग पन्हळ भरते आणि पाणी हवा आत घेणाऱ्या झरोक्यातून थेट पायांवर येते. जाळी काढून हा लगदा हाताने उपसावा लागतो. वरून जोराचा फवारा मारल्यास तो आणखी खोल जाऊन बसतो.

दरवाजांविषयी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. काचेच्या रबराजवळून दरवाजाच्या पोकळीत थोडे पाणी जाणारच, हे धरूनच दरवाजा बनवलेला असतो. ते पाणी खालच्या छिद्रांतून बाहेर पडते आणि डोअर पॅडमागे चिकटवलेला प्लास्टिकचा कागद त्याला आत येऊ देत नाही. स्पीकर बसवताना किंवा पॉवर विंडोचे काम करताना हा कागद फाडला जातो आणि पॅड तसेच परत लावले जाते. त्यानंतर आतले कार्पेट कडेने भिजू लागते आणि दोष मात्र बाहेरच्या बिडिंगला (काचेच्या कडेच्या रबरी पट्टीला) दिला जातो. दरवाजा हलवताना आत पाणी खळखळत असेल, तर खालची छिद्रे चिखलाने किंवा गंजरोधक कोटिंगने बुजली आहेत असे ओळखावे.

अँबॅसडर, पद्मिनी, मारुती 800 आणि ओम्नी यांसारख्या गाड्यांत पुढची काच रबरी बिडिंगमध्ये बसवलेली असते. हे रबर उन्हाने कडक होऊन आकसते आणि कोपऱ्यात फट पडते. अलीकडच्या गाड्यांत काच चिकटवलेली असते. तिथे काच एकदा बदललेली असल्यास ती माहिती आम्हांला अवश्य द्यावी, कारण नव्याने चिकटवताना फट राहिलेली असू शकते. छतावरील कॅरियरचे बोल्ट, अँटेनाची बैठक आणि डिकीत पाणी येत असल्यास मागच्या दिव्यांचे गॅस्केट (दिव्यामागची रबरी चकती) याही नेहमीच्या जागा आहेत. जादा हॉर्न किंवा दिव्यांसाठी फायरवॉलला (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याला) भोक पाडून वायर आत घेतली असेल, तर त्या भोकाला ग्रोमेट (वायरभोवतीचे रबरी कडे) आहे की नाही, हे आम्ही न विसरता पाहतो.

आम्ही शोध कसा घेतो

आधी मॅट, कार्पेट आणि गरज पडल्यास सीट काढून तळ पूर्ण कोरडा केला जातो. मग संशयित सांध्यांवर आतून टाल्कम पावडर भुरभुरली जाते. एक जण टॉर्च घेऊन आत बसतो आणि दुसरा बाहेरून नळाची साधी धार सोडतो. धार नेहमी खालून वर नेली जाते आणि प्रत्येक भागावर काही मिनिटे थांबवली जाते, कारण सुरुवातीलाच छतावर पाणी ओतल्यास ते सगळीकडून ओघळते आणि काहीच कळत नाही. पावडरीवर उमटलेल्या ओल्या रेघेवरून पाण्याची वाट उलटी शोधता येते. या कामासाठी आम्ही प्रेशर वॉशर वापरत नाही. त्याच्या दाबाने धडधाकट रबरातूनही पाणी आत जाते. हे काम वेळखाऊ आहे, म्हणून गाडी दिवसभर आमच्याकडे ठेवावी लागते आणि शोधण्याचे शुल्क दुरुस्तीपेक्षा वेगळे आकारले जाते.

दुरुस्ती आणि वाळवणे

घरच्या घरी सिलिकॉन लावू नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वाळताना आम्ल सोडते आणि त्याने उघडा पत्रा गंजतो. शिवाय त्याच्या थरावर नंतर रंग किंवा दुसरे सिलंट धरत नाही. पत्र्याच्या सांध्यांना आम्ही पॉलियुरेथेन सिलंट आणि दरवाजाच्या कागदाला ब्यूटाइल टेप वापरतो. त्यापूर्वी गंज घासून प्रायमर लावतो. पत्रा सडून भोक पडले असेल, तर तुकडा वेल्ड करण्याला पर्याय नाही.

पाणी थांबले, तरी फेल्ट भिजलेले राहते. त्यावर रेक्झिनचे लॅमिनेशन घातलेले असेल, तर वरून सारे कोरडे दिसते आणि खाली पत्रा गंजत असतो. म्हणून फेल्ट बाहेर काढूनच वाळवावे. बुरशी लागली असल्यास ते बदलावे. सीटखालच्या आणि डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या जोडण्यांवर हिरवट थर दिसल्यास त्या स्वच्छ कराव्या लागतात. एअरबॅग असलेल्या गाडीची सीट ग्राहकांनी स्वतः काढू नये.

दुरुस्तीनंतर आम्ही आपल्यासमोर पुन्हा पाण्याची धार सोडून दाखवतो आणि कार्पेट त्यानंतरच बसवतो. त्या वेळी कृपया स्वतः उपस्थित राहावे. पुढच्या मोठ्या पावसानंतर मॅट उचलून हाताने चाचपून पाहावे आणि त्याच जागी ओल आढळल्यास गाडी परत आणावी. त्या जागेच्या फेरतपासणीचे शुल्क आम्ही घेत नाही.