द्विगुण कोनाची सूत्रे

द्विगुण कोनाची सूत्रे : एखाद्या कोनाच्या त्रिकोणमितीय गुणोत्तरांवरून त्याच्या दुप्पट कोनाची गुणोत्तरे देणारी नित्यसमानता, म्हणजे अ या कोनाच्या कोणत्याही किमतीला खरी राहणारी समीकरणे. मुख्य सूत्रे दोनच : साइन २अ = २ साइन अ · कोस अ आणि कोस २अ = कोस² अ − साइन² अ. संयुक्त कोनाच्या, म्हणजे दोन कोनांच्या बेरजेच्या, सूत्रांत दुसरा कोनही अ एवढाच घेतला की ती हाती येतात. टॅनचे सूत्र या दोघांच्या भागाकारातून निघते, त्यामुळे ते वेगळे पाठ करण्यात फारसा अर्थ नाही.

उदाहरणे सोडवताना खरी कसोटी लागते ती कोस २अ पाशी. साइन² अ + कोस² अ = १ असल्यामुळे त्याची आणखी दोन रूपे होतात : १ − २ साइन² अ आणि २ कोस² अ − १. कोणते घ्यायचे हे समीकरणात उरलेल्या पदावर ठरते. कोस २अ + ३ साइन अ = २ यात साइन उरला आहे, म्हणून पहिले रूप घ्यावे. मग २ साइन² अ − ३ साइन अ + १ = ० असे साधे वर्गसमीकरण मिळते, साइन अ = १ किंवा १/२ येते आणि ०° ते ३६०° मध्ये ३०°, ९०°, १५०° ही उत्तरे निघतात. दुसरे रूप घेतले तर साइन आणि कोस यांची खिचडी होते.

नेहमीची चूक मात्र साइनच्या सूत्रात होते. साइन २अ = कोस अ हे सोडवताना २ साइन अ · कोस अ = कोस अ असे लिहून विद्यार्थी दोन्ही बाजूंचा कोस अ उडवतात आणि ३०°, १५०° ही दोन उत्तरे देऊन मोकळे होतात. कोस अ शून्य असू शकतो, ही गोष्ट त्या खोडण्याबरोबर पुसली जाते. पद एका बाजूला आणून कोस अ (२ साइन अ − १) = ० असे अवयव पाडले की राहिलेली ९०° आणि २७०° ही उत्तरेही सापडतात. चिन्हाचेही तसेच. साइन अ = ३/५ असेल तर साइन २अ पहिल्या चरणात (०° ते ९०°) २४/२५ येते, दुसऱ्या चरणात (९०° ते १८०°) −२४/२५.

उंची-अंतराच्या गणितात दुप्पट कोन फार सुरेख काम करतो. साताऱ्यात एका जागेवरून अजिंक्यताऱ्याच्या माथ्याचा उन्नत कोन १५° भरला आणि किल्ल्याच्या दिशेने सरळ ६०० मीटर चालल्यावर तो ३०° झाला, असे समजू. पहिली जागा, दुसरी जागा आणि माथा यांचा त्रिकोण समद्विभुज होतो, कारण ३०° हा बाह्यकोन आहे आणि त्यातून १५° वजा जाता माथ्यापाशीही १५° च उरतात. म्हणून दुसऱ्या जागेपासून माथ्यापर्यंतचे तिरके अंतरही ६०० मीटर, आणि उंची ६०० × साइन ३०° = ३०० मीटर. आकडे गणितापुरते घेतले आहेत; एवढा सपाट रस्ता साताऱ्यात शोधायचा म्हणजे वेगळेच गणित.

हीच सूत्रे उलटी वाचली की अर्ध्या कोनाची होतात. साइन² अ = (१ − कोस २अ)/२ या अर्थाचा नियम सहाव्या शतकात वराहमिहिराच्या ‘पंचसिद्धान्तिके’त आहे. भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त (११५०) दोन कोनांच्या बेरजेची ज्या काढण्याची रीत दिली. ज्या म्हणजे मुळात धनुष्याची दोरी; गणितात हे साइनचे जुने रूप. ‘साइन’ हा शब्द अरबी आणि लॅटिनमधून फिरत याच शब्दापासून आला. जुन्या ज्यांच्या कोष्टकांत २२५ कलांची, म्हणजे पावणेचार अंशांची पायरी असते. ३०° ची ज्या सहज निघते. तो कोन निम्मा करत गेले की १५°, साडेसात आणि मग नेमके पावणेचार अंश येतात.

प्रक्षेपकाचा, म्हणजे अ कोनात फेकलेल्या वस्तूचा, पल्ला वेगाचा वर्ग × साइन २अ ÷ गुरुत्वत्वरण एवढा असतो. म्हणून ३०° आणि ६०° ला पल्ला सारखाच येतो आणि ४५° ला सर्वांत जास्त. कऱ्हाडकडच्या उसात रेनगन (लांबवर पाणी फेकणारा मोठा फवारा) लावणाऱ्याने मात्र हे जसेच्या तसे धरू नये. सूत्रात हवेचा अडथळा नाही; पाणी फुटून थेंब झाले की अडथळा वाढतो आणि वारा ते भरकटवतो. त्यामुळे तिथली नळी ४५° पेक्षा बरीच आडवी ठेवतात.