मार्गशीर्षातले गुरुवार (मुंबई)

मार्गशीर्षातल्या दर गुरुवारी घरात घट मांडून, त्यावरच्या नारळाला देवीचा मुखवटा बांधून करतात ते महालक्ष्मीचे व्रत. महाराष्ट्रात ते बऱ्याच ठिकाणी होते. मुंबईत चाळीच्या दहा बाय दहाच्या खोलीत होते तसेच विसाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्येही होते, आणि त्या दिवसांत शहराचा बाजारही त्याच्याच तालावर चालतो.

ज्या चांद्रमासात सूर्य धनू राशीत जातो, तो मार्गशीर्ष. धनुसंक्रांत साधारण १६ डिसेंबरला येते. त्यामुळे २१-२२ डिसेंबरचा वर्षातला सर्वांत लहान दिवस मार्गशीर्षात तरी पडतो, नाहीतर पौषाच्या तोंडाशी. मुंबईत तो जेमतेम अकरा तासांचा असतो. व्रताच्या कहाणीत या अयनाचा, म्हणजे सूर्य उत्तरेकडे वळण्याचा, उल्लेख नाही, पण थंडीच्या याच दिवसांत धुंधुरमासही असतो. पहाटे उठून, सूर्य उगवायच्या आत मुगाची खिचडी आणि लोणी-बाजरीची भाकरी खाण्याची ही जुनी रीत मुंबईच्या धावपळीत मागे पडली. गुरुवार मात्र टिकले, कारण ही पूजा संध्याकाळी, कामावरून घरी आल्यावरही करता येते.

गुरुवार चार येतात, कधी पाच. २०२३च्या मार्गशीर्षात पाच आले आणि पाचवा, ११ जानेवारी २०२४चा, नेमका अमावास्येला. उद्यापन चौथ्या गुरुवारी करायचे की पाचव्या, यावर तेव्हा घरोघरी खल झाला.

खरी लगबग बुधवारी संध्याकाळी. दादर पश्चिमेला स्टेशनबाहेर आणि फुलबाजारात पाय ठेवायला जागा नसते. शेवंती, झेंडू, वेण्या, पाच फळांचे वाटे आणि पाच झाडांच्या डहाळ्यांची बांधलेली जुडी. जुडीत आंब्याचा टाळा असतोच. शेजारी मुखवटे टांगलेले असतात : पितळी, चांदीचे, चांदीचा मुलामा दिलेले, प्लास्टिकचे रंगवलेले. घेणारी बाई मुखवटा हातभर लांब धरून आधी डोळे बघते. डोळे शांत हवेत. मग नथीसाठी नाकाला भोक आहे का, ते बघते.

मांडणी अशी : चौरंगावर कापड, त्यावर तांदळाची रास, राशीवर तांब्या. तांब्यात पाणी, दूर्वा, सुपारी आणि नाणे. तोंडाशी डहाळ्या, मधोमध शेंडी वर केलेला नारळ. मुखवट्याच्या कडेच्या भोकांतून दोरा ओवून तो नारळामागे आवळून बांधायचा. खरे कसब इथेच आहे. दोरा सैल राहिला तर देवीची मान झुकते, फार ओढला तर नारळच फिरतो. एकीने नारळ धरावा आणि दुसरीने गाठ मारावी, हेच बरे; शेजारणीला हाक जाते ती इथे. मग निऱ्या घातलेला खण, मंगळसूत्र, नथ, वेणी. हल्ली शिवलेली तयार साडीही मिळते, पण हाताने घातलेल्या निऱ्यांना जी ठेवण येते ती तिला येत नाही.

जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी भागातल्या बोहाड्यात, म्हणजे सोंगांच्या उत्सवात, मुखवटा माणूस घालतो आणि देव होऊन नाचतो. इथे मुखवटा नारळाला चढतो आणि देवी पाहुणी होऊन बसते.

पूजेनंतर पोथी. एकीने वाचायची, बाकीच्यांनी हातात अक्षता घेऊन ऐकायचे. कहाणी सौराष्ट्रातली. भद्रश्रवा राजाची राणी सुरतचंद्रिका वैभवाने माजते. लक्ष्मी म्हातारीचे रूप घेऊन, काठी टेकत दारात येते आणि राणी तिला हाकलून देते. मुलगी शामबाला मात्र म्हातारीचा मान ठेवते, तिच्याकडून व्रत समजून घेते. पुढे आईबापांचे राज्य जाते. लेकीने दिलेला मोहरांचा हंडा त्यांच्या घरी उघडताच आत कोळसे निघतात. शेवटी शामबाला माहेराहून मीठ घेऊन सासरी येते. काय आणलेस म्हणून नवरा विचारतो, तेव्हा ती म्हणते, राज्याचे सार. मग त्याला अळणी जेवण वाढते आणि नंतर पानात मीठ वाढून ते सार दाखवते.

या कहाणीत देवीचा चेहरा दारात आलेल्या म्हातारीचा आहे. म्हणूनच शेवटच्या गुरुवारच्या हळदीकुंकवाला विधवांना वगळण्याची रीत कहाणीच्याच विरुद्ध जाते. काही इमारतींत आता मजल्यावरच्या सगळ्याच बायकांना बोलावणे जाते, आणि ते योग्यच आहे. आलेलीला फळ आणि पोथीची एक प्रत देतात. त्यामुळे जुन्या घरांत एकाच पोथीच्या दहा-बारा प्रती साठलेल्या सापडतात.

महिनाभर अनेक घरांत मांसाहार बंद असतो, आणि मासळीची व चिकनची मागणी उतरते. कोळणींना हा महिना जड जातो, तरी त्यांच्यातल्याही अनेकजणी घट मांडतात.

शुक्रवारी सकाळी आंघोळ करून घट हलवतात. पाणी तुळशीला घालतात, डहाळ्या घरात निरनिराळ्या ठिकाणी ठेवतात, तांदूळ डब्यात जातात. मुखवटा मऊ फडक्याने पुसून, गालावरचे कुंकू टिपून, नथ वेगळ्या डबीत ठेवून कपाटात ठेवला जातो. उद्यापनानंतर नारळ फुटतो आणि खोबऱ्याच्या वड्या शेजारी वाटल्या जातात.