थायरॉइडची गोळी चालू आहे? ॲक्युपंक्चरला येण्याआधी एवढं वाचा

"सुया टोचून घेतल्या तर गोळी सुटेल का?" थायरॉइड कमी असलेली माणसं आमच्या कोथरूडच्या केंद्रात आली की बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. उत्तर आधीच देऊन ठेवतो: नाही. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी थायरॉक्सिन हे संप्रेरक (हार्मोन) पुरेसं बनवत नसेल तर ते बाहेरून द्यावं लागतं, आणि ते काम गोळीच करते. मोठ्या माणसांमध्ये याचं नेहमीचं कारण म्हणजे हाशिमोटो थायरॉइडायटिस. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथीवर उलटते आणि ग्रंथी हळूहळू निकामी होत जाते. सुयांनी ती पूर्ववत होते असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. म्हणून "थायरॉइड मुळापासून बरा" असं पॅकेज आमच्याकडे मिळणार नाही.

गोळी परस्पर थांबवू नका

याबद्दल आम्हाला खरोखर काळजी वाटते. थायरॉक्सिन रक्तात बराच काळ टिकतं; त्याचं प्रमाण निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात. त्यामुळे गोळी बंद केली तरी सुरुवातीचे काही दिवस काहीच जाणवत नाही. नेमक्या त्याच दिवसांत सुया चालू असतील तर वाटतं, गुण आला! पुढे थकवा, बद्धकोष्ठ, केस गळणं, अंगावर सूज, पाळीच्या तक्रारी हळूहळू परततात, तोवर रक्ततपासणीत टीएसएच (ग्रंथीला काम करायला सांगणारं संप्रेरक; थायरॉक्सिन कमी पडलं की हे वाढतं) वर गेलेलं असतं. डोस कमी करायचा की वाढवायचा हे तुमचे डॉक्टर रिपोर्ट बघून ठरवतील, आम्ही नाही. डोस बदलल्यावर पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करतात; त्याआधीच्या आकड्यावरून फारसं कळत नाही. दिवस राहिले असतील तर मात्र लगेच डॉक्टरांना कळवा, कारण गरोदरपणात डोस बहुधा वाढवावा लागतो.

गोळी "लागू पडत नाही" म्हणणाऱ्यांना आम्ही आधी विचारतो, ती घेता कशी? सकाळच्या पहिल्या चहाबरोबर घेतली तर ती पुरेशी शोषली जात नाही. उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्या आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने करा. कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या चार तासांनी. चतुर्थी असो की नवरात्र, उपवासाच्या दिवशीही गोळी चुकवू नका. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त तपासण्याआधी डॉक्टरांना सांगा, त्याने रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. आणि घरात रोजच्या स्वयंपाकाला फक्त सैंधव वापरत असाल, तर आयोडीनयुक्त मीठ परत आणा. कोबी-फ्लॉवरची भाजी शिजवून, नेहमीइतकी खायला हरकत नाही. उगाच बंद करू नका.

मग सुया कशासाठी?

गोळी वेळेवर चालू आहे, टीएसएच मर्यादेत आहे, तरी मान-खांदे आखडतात, पाठ धरते, डोकं वरचेवर दुखतं, अशांसाठी. जुनाट दुखण्यावर ॲक्युपंक्चरचा उपयोग होतो, याला बऱ्यापैकी आधार आहे. झोप आणि थकव्याबद्दल आधार कमी आहे; काहींना बरं वाटतं, काहींना नाही. आठवड्यातून एकदा, असे सहा वेळा येऊन बघा. फरक वाटला नाही तर आम्ही पुढच्या तारखा देत नाही. नुसतं वजन उतरवायला म्हणून येऊ नका.

सुया केसासारख्या बारीक, निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या असतात. पाकीट तुमच्यासमोर फोडतो. बहुतेक सुया हात-पाय, खांदे आणि पाठीवर लागतात. ग्रंथीवर आम्ही सुई लावत नाही. वीस-पंचवीस मिनिटं पडून राहायचं. टोचलेल्या जागी थोडं रक्त येणं किंवा निळसर डाग पडणं होऊ शकतं. काहींना चक्कर येते, म्हणून पोहे-उपमा काहीतरी खाऊन या. रक्त पातळ करणारी औषधं, पेसमेकर किंवा गरोदरपण असेल तर आधीच सांगा.

भारतात ही पद्धत डॉ. बिजॉय कुमार बसू यांनी १९५९ मध्ये कोलकात्यात सुरू केली. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकात बसूही होते. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. आमचं नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं आहे. कुठेही गेलात तरी ते मागून बघा.

गळ्यात गाठ हाताला लागत असेल, आवाज बसला असेल, गिळताना अडकत असेल, तर आमच्याकडे न येता आधी डॉक्टरांकडे जा. खूप गुंगी येऊन अंग गार पडत असेल तर थेट रुग्णालयात.

पहिल्या भेटीला शेवटचे दोन टीएसएच रिपोर्ट, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि डॉक्टरांचा फोन नंबर घेऊन या. सलवार किंवा पायजमा सैल असावा, गुडघ्यापर्यंत वर करता येईल असा.