रुग्णालयीन न्यूमोनियातील प्रतिजैविकरोध

रुग्णालयात दाखल होऊन ४८ तास उलटल्यावर जडणारा फुप्फुसाचा संसर्ग म्हणजे रुग्णालयीन न्यूमोनिया. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला होणारा न्यूमोनिया हा त्याचाच बिकट प्रकार. क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे त्यामागचे प्रमुख जिवाणू. प्रतिजैविकांना दाद न देण्यासाठी यांपैकी काही औषध मोडून टाकणारी विकरे (एन्झाइम) तयार करतात, काही आत शिरलेले औषध पंपासारखे बाहेर फेकतात. एनडीएम हे विकर तर मेरोपेनेमसारखे राखीव औषधही निकामी करते आणि त्याचे जनुक प्लाझ्मिडवरून, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यावरून, एका जिवाणूतून दुसऱ्यात जाते. मग बऱ्याचदा कोलिस्टिन हे प्रतिजैविकच उरते, आणि ते मूत्रपिंडाला बाधते.

कोणते औषध चालेल हे बेडक्याच्या तपासणीतून कळते. खानदेशात सगळे अडते ते इथेच. साध्या पाण्याने चूळ भरून, खोल खोकून काढलेला घट्ट बेडका हवा. पुष्कळदा डबीत नुसती लाळ येते. सूक्ष्मदर्शकाखाली पूपेशी कमी आणि तोंडातल्या पेशीच जास्त दिसल्या, तर तो नमुना परत मागवावा लागतो. नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचायला हवा. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यातल्या उन्हात डबी बाहेर राहिली, तर तोंडातले निरुपद्रवी जिवाणूच वाढून बसतात आणि खरा दोषी झाकला जातो. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून नंदुरबार किंवा धुळे गाठेपर्यंत रुग्णाने मेडिकलवरून आणलेली ‘कडक गोळी’ घेतलेली असेल, तर संसर्ग असूनही प्रयोगशाळेत जिवाणूंची वाढ न दिसण्याची शक्यता असते. म्हणून रुग्णाची प्रकृती थांबण्याजोगी असेल तर नमुना पहिल्या डोसाआधीच घ्यावा. दुर्गम भागातल्या माणसाच्या वाट्याला अंदाजाने दिलेले औषध यावे, हे बरे नव्हे.

जिवाणूची वाढ मिळाल्यावर ते बशीतल्या आगरवर (जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या थरावर) पसरून त्यावर औषधांच्या चकत्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी चकतीभोवतीचे मोकळे वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतात; रोधी जिवाणू असेल तर वाढ थेट चकतीला भिडलेली दिसते. पक्का अहवाल यायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. तोवर गंभीर रुग्णाला अनेक जिवाणूंवर चालणारे व्यापक औषध द्यावेच लागते, मात्र अहवाल हाती आल्यावर ते बदलून नेमके औषध सुरू करणे तितकेच गरजेचे असते.

१ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘शेड्यूल एच१’ या औषधविक्रीच्या नियमांतील यादीनुसार मेरोपेनेमसह अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद औषध दुकानदाराने वेगळ्या रजिस्टरमध्ये करून ती तीन वर्षे जपावी लागते. वॉर्डात मात्र सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे एका खाटेकडून दुसऱ्या खाटेकडे जाताना हात धुणे आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचे डोके ३० ते ४५ अंश उंच ठेवणे.