गॅसवरची वीज आणि वाटेत गळणारा मिथेन

कोळशाऐवजी नैसर्गिक वायू जाळला, की युनिटमागे बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड जवळजवळ निम्म्यावर येतो. या एका वाक्याच्या आधारावर अनेक देशांनी आपली वीजधोरणं आखली. वाक्य खरं आहे, पण त्यातलं मोजमाप चिमणीच्या तोंडाशी केलेलं आहे. गॅसचा प्रवास मात्र कितीतरी आधी, विहिरीपाशी सुरू झालेला असतो.

चिमणीपाशी फरक पडतो त्याचं पहिलं कारण रसायनात आहे. कोळसा म्हणजे मुख्यतः कार्बन. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. त्याच्या रेणूत मात्र एका कार्बनला चार हायड्रोजन जोडलेले असतात आणि हायड्रोजन जळला की त्याची पाण्याची वाफ होते. म्हणजे उष्णतेचा मोठा हिस्सा कार्बन डायऑक्साइड न करताच पदरात पडतो. शिवाय राख नाही, पारा नाही, गंधक नावापुरतं.

दुसरं कारण यंत्रात आहे. कोळशाच्या केंद्रात आधी बॉयलरमध्ये पाण्याची वाफ करावी लागते आणि मग त्या वाफेवर टर्बाइन फिरतं. यात जुन्या केंद्रांना कोळशातल्या उष्णतेपैकी साधारण तिसरा हिस्सा विजेत बदलता येतो, तर आजची उत्तम केंद्रं ४५ टक्क्यांपर्यंत पोचतात. गॅस टर्बाइनमध्ये जळता वायूच थेट पात्यांवर सोडतात. सार्वजनिक वीजपुरवठ्यासाठी असं यंत्र पहिल्यांदा १९३९ साली स्वित्झर्लंडमधल्या नूशातेल इथे चाललं. त्याची क्षमता होती ४ मेगावॅट आणि कार्यक्षमता जेमतेम १७-१८ टक्के.

आज मोठ्या टर्बाइनच्या तोंडाशी वायूचं तापमान १५०० अंश सेल्सिअसच्या पुढे जातं. पाती ज्या निकेलच्या मिश्रधातूची असते, तो धातू त्याआधीच वितळतो! तरीही ती टिकते, कारण ती आतून पोकळ असते. त्या पोकळीत सोडलेली त्यामानाने थंड हवा पृष्ठभागावरच्या बारीक छिद्रांतून बाहेर येते आणि पातीभोवती एक पातळ आवरण धरते. वरून सिरॅमिकचा लेप असतो. सर्वांत तापणारी पाती तर धातूच्या एकाच अखंड स्फटिकाची ओततात. एरवी धातू बारीक कणांचा बनलेला असतो. इथे कणांमधल्या सीमाच नसल्यामुळे ती उष्णतेत ताणली जाऊन लवकर निकामी होत नाही. टर्बाइनमधून बाहेर पडणारा वायूही सुमारे ६०० अंशांवर असतो. तो वाया न घालवता त्यावर वाफ करून दुसरं टर्बाइन फिरवतात. दोन्ही मिळून कार्यक्षमता ६० टक्क्यांच्या वर जाते. उष्णतेच्या यंत्रांमध्ये याहून देखणं काम मला तरी दुसरं दिसत नाही.

गॅसचा वेगही मोठा गुण आहे. साधं गॅस टर्बाइन दहा-पंधरा मिनिटांत पूर्ण भार घेऊ शकतं. थंड पडलेलं कोळशाचं युनिट चालू व्हायला कित्येक तास लागतात. अणुभट्टी बंद केली तर तिच्यात काही तास झेनॉन-१३५ साचत राहतो. भट्टी ज्यांच्यावर चालते ते न्यूट्रॉन तो गिळतो, त्यामुळे ती लगेच पुन्हा सुरू करणं अवघड होतं. सूर्य मावळताना किंवा वारा पडताना गॅस कामाला येतो तो या चपळाईमुळे.

आता वाटेतली गळती. न जळता सुटलेला मिथेन हवेत साधारण बारा वर्षं टिकतो. वीस वर्षांच्या हिशेबात तो तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून जास्त तापमानवाढ करतो, तर शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे तीसपट. म्हणजे विहीर, कॉम्प्रेसर, साठवण आणि पाइपलाइन मिळून तीन टक्क्यांच्या आसपास गॅस गळला, तर वीस वर्षांच्या हिशेबात कोळशावरची आघाडी जवळपास संपते. अमेरिकेतल्या गॅस उद्योगाबद्दल २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ही गळती उत्पादनाच्या २.३ टक्के निघाली. तिथल्या सरकारी अंदाजापेक्षा ती सुमारे ६० टक्क्यांनी जास्त होती. कॅलिफोर्नियातल्या अलिसो कॅन्यन इथे ऑक्टोबर २०१५ मध्ये भूमिगत साठ्याची एक जुनी विहीर फुटली आणि ती बंद व्हायला फेब्रुवारी २०१६ उजाडला. तोवर सुमारे ९७ हजार टन मिथेन हवेत गेला होता. साध्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं, इन्फ्रारेड कॅमेऱ्यात मात्र डोंगरावरून ढग वाहताना दिसत होता.

खाणीपासून मोडीत काढण्यापर्यंतचा सगळा हिशेब धरून आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २०१४ च्या अहवालाने, इतर वायूही कार्बन डायऑक्साइडच्या मापात धरून, युनिटमागच्या उत्सर्जनाचे मधले आकडे दिले आहेत: कोळसा ८२० ग्रॅम, गॅस ४९० आणि अणुऊर्जा १२. अणुऊर्जेचा आकडा इतका खाली आहे कारण तिथे काही जळतच नाही. कार्बनचा एक अणू जळला की सुमारे ४ इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या पातळीवरचं ऊर्जेचं माप) ऊर्जा मिळते, युरेनियमचं एक अणुकेंद्र फुटलं की सुमारे २० कोटी. त्यामुळे १००० मेगावॅटच्या केंद्राला वर्षाला कोळसा लागतो तीसेक लाख टन आणि समृद्ध युरेनियम पंचवीस-तीस टन. अपघातांची भीती मोठी आहे, पण चेर्नोबिल आणि फुकुशिमा धरूनही युनिटमागे होणारे मृत्यू कोळशाच्या शेकडो पटींनी कमी आहेत. कोळशाचे बळी धुरातून, शांतपणे जातात, म्हणून त्यांची बातमी होत नाही.

अणुऊर्जेची खरी अडचण पैसा आणि वेळ ही आहे. फिनलंडच्या ओल्किलुओटो-३ चं बांधकाम २००५ मध्ये सुरू झालं आणि नियमित वीज मिळाली २०२३ मध्ये. गॅसचं केंद्र दोन-तीन वर्षांत उभं राहतं.

पण गॅस साधारणपणे केंद्राच्या आवारात साठवत नाहीत, तो लागेल तसा पाइपातून येतो. कोळशाचा ढीग काही आठवडे पुरतो, अणुभट्टीत एकदा भरलेलं इंधन दीड-दोन वर्षं. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये कडाक्याची थंडी पडली, तेव्हा विहिरींची तोंडं गोठली. वीज तोडल्यामुळे गॅस पुरवणारी काही यंत्रणाही थांबली, मग गॅस आणखी घटला आणि त्यामुळे वीजही. कोळशाची आणि वाऱ्याची केंद्रंही अडली, एक अणुभट्टीही बंद पडली, पण सर्वांत मोठी तूट गॅसची होती.

म्हणून गॅस कोणाची जागा घेतो हे पाहावं असं मला वाटतं. कोळशाची घेतली तर फायदा आहे. न्यूयॉर्कजवळचं इंडियन पॉइंट अणुकेंद्र एप्रिल २०२१ मध्ये बंद झालं, तेव्हा त्याची जागा मुख्यतः गॅसने भरली आणि त्या राज्याच्या विजेमागचा कार्बन वाढला. चालू, सुरक्षित अणुभट्टी बंद करून गॅस जाळणं हा उघड तोटा आहे.

गळती रोखण्याचं काम मात्र हाती घेता येण्याजोगं आहे. मोजमापांत पुन्हा पुन्हा दिसतं, की एकूण गळतीतला निम्म्याहून मोठा वाटा थोड्याशाच ठिकाणांहून येतो: नको असलेला गॅस जाळण्यासाठी ठेवलेली पण विझलेली ज्वाळा, उघडं राहिलेलं टाकीचं झाकण, झिजलेलं कॉम्प्रेसरचं सील. विमान आणि उपग्रह यांवरून मोठ्या गळत्या शोधता येतात, आणि त्यातल्या पुष्कळ बुजवायला लागतो एक पाना आणि एक माणूस.